यंदाही सायकल नाही

हिरमोडकरांच्या कथेतल्या मुलाला आजवर एकही वस्तू मिळालेली नाही. सायकल मिळाली नाही, चावीची मोटार मिळाली नाही, जरीची टोपी मिळाली नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसायला मिळालं नाही. मुंबईचा मामा येतो, पण त्याच्या ट्रंकेतून बूट निघतात आणि तेही थोरल्या भावाच्या मापाचे. गावात सर्कस येते, बँड वाजतो, हत्ती ओढ्यावर पाणी प्यायला उतरतो, वडील ‘शनिवारी जाऊ’ म्हणतात, आणि शनिवारी सकाळी आजी वारते. एका दिवाळीला तर दोन वेगवेगळ्या अंकांत त्यांची एकच आजी दोनदा वारली, दोन्ही वेळा सर्कशीच्याच दिवशी. दोन्ही अंकांची मुद्रितं माझ्याकडे होती म्हणून लक्षात आलं. मी फोन केला. शांतपणे म्हणाले, ‘एकीकडे आत्या करा.’

मी मुद्रितं तपासतो. वाचकाला कथा आवडली नाही तर तो पान उलटून राशिभविष्याकडे वळतो. मला ती सोय नाही. त्यामुळे हिरमोडकरांची प्रत्येक कथा मी अक्षर न् अक्षर वाचलेली आहे, ‘हिरमुसला’मधला र्‍हस्व-दीर्घ तर डोळे मिटूनही सांगेन. हिरमोडकर हे अर्थातच त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते आम्ही प्रेसमधल्यांनी ठेवलेलं. खरं सांगून उपयोगही नाही, कारण असा एक डोंबिवलीत आहे तसा सांगलीत आहे, नाशकात आहे, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका पाहिल्या तर अमेरिकेतही आहे. तिथे त्याची सायकल बर्फातून येता येता राहते.

आमचे हिरमोडकर बँकेतून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं कर्जविभागात काढली. समोरच्या माणसाला आशेला लावायचं, अजून एक कागद आणायला सांगायचं, मग अजून एक, आणि शेवटी ‘वरून मंजुरी आली नाही’ म्हणायचं, या कामात त्यांचा हातखंडा होता असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. नकार ऐकताना माणसाचा चेहरा कुठून पडायला सुरुवात होते, हे त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. (हनुवटीपासून, म्हणतात.) निवृत्तीनंतर त्यांनी दोन खादीचे झब्बे शिवले, एक शबनम घेतली आणि तीच विद्या लहान मुलांच्या बाबतीत वापरायला घेतली.

लहान मुलांकडे ते नेमक्या कोणत्या नजरेनं बघतात हे मी एकदा फडके रोडवर पाहिलं. एक चार-पाच वर्षांचा मुलगा फुगेवाल्यापाशी भोकाड पसरून बसला होता. बाप वैतागून खिशात हात घालणार, इतक्यात हिरमोडकर पुढे झाले. ‘थांबा, लगेच घेऊ नका. दोन मिनिटं रडू दे. जन्मभर पुरेल त्याला.’ बापाला वाटलं, म्हातारा संस्कारांबद्दल बोलतोय. त्यानं मान डोलावली आणि पोराला ओढत नेलं. हिरमोडकर तिथेच उभे राहून डायरीत काहीतरी टिपत होते. फुगेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हे काका रोज येतात. माझं गिऱ्हाईक तोडतात.’

दिवाळी अंकांचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला दिवाळी आधी येते आणि पाऊस नंतर. उन्हाळ्यातच संपादकांची पत्रं निघतात, आषाढापर्यंत कथा हातात लागते, श्रावणात जुळणी, भाद्रपदात गणपतीच्या आरत्या ऐकत आम्ही काने-मात्रे शोधतो. हिरमोडकर जूनमध्ये बसतात. बाहेर पहिला पाऊस पडत असतो, आत त्यांच्या कथेत वैशाखवणवा. मुलगा अनवाणी. त्यांच्या कथेतला मुलगा कायम अनवाणीच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘चप्पल दिली की वाचक निम्मा सुटतो.’

कथालेखनाची कार्यशाळाही ते घेतात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी, मध्ये बटाटेवडा. त्यांनी बोलावलं म्हणून मी एकदा गेलो आणि मग वड्यासाठी पुन्हापुन्हा गेलो. त्यांचे नियम पक्के आहेत. मुलाचं वय आठ ते अकरा. सातव्या वर्षापर्यंत मूल विसरतं आणि बाराव्या वर्षापासून उलट बोलतं, दोन्ही कथेला मारक. वस्तू महाग हवी, पण अशक्य नको. विमान मागणाऱ्या पोराची कथा होत नाही, फार तर बालनाट्य होतं. कबूल करणारा मोठा माणूस दुष्ट नसावा, विसराळू असावा, कारण दुष्ट माणसावर वाचक राग काढून मोकळा होतो. वाट पाहणं संध्याकाळीच. आणि शेवटच्या परिच्छेदात कोणीतरी कंदिलाची वात बारीक करायची.

एका कॉलेजातल्या मुलानं हात वर केला. ‘सर, आमच्याकडे कंदील नव्हता. इन्व्हर्टर होता.’

‘मग इन्व्हर्टर बंद पडू दे.’

‘तो कधी बंदच पडला नाही, सर.’

हिरमोडकरांनी त्याच्याकडे अपार करुणेनं पाहिलं. एका होतकरू लेखकाचं बालपण असं फुकट गेलेलं त्यांना पाहवत नव्हतं.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी की माणूस वाचलेला आहे. जगातल्या कथावाङ्मयात जिथे जिथे एखाद्या पोराचा विरस झाला तिथे तिथे हिरमोडकर जाऊन आलेले आहेत. जेम्स जॉइसची ‘अ‍ॅरबी’ त्यांना पाठ आहे. डब्लिनमधला मुलगा, शेजारच्या मित्राच्या बहिणीवर भाळलेला. तिला जत्रेतून काहीतरी आणून देईन म्हणतो. पैसे काका देणार. काका विसरतो, रात्री नऊला झुलत घरी येतो. मुलगा धावतपळत आगगाडीनं पोचतो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी असतात, बहुतेक दुकानं बंद, आणि बघताबघता वरचे दिवे मालवले जातात. हे सांगताना हिरमोडकर खरंच सुरेख सांगतात. ती जत्रा जॉइसनं मनची रचलेली नाही, 1894च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये त्या नावाची जत्रा भरली होती आणि जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता, हेही सांगतात. पण लगेच निष्कर्ष काढतात: ‘कथेचा खरा नायक काका! काका वेळेवर आला असता तर पोरानं एक फुलदाणी घेतली असती आणि साहित्याला काय मिळालं असतं? फुलदाणी.’ आपल्याकडे हे काम मामाकडे असतं, आयरिश लोकांत काकाकडे, एवढाच फरक, असं त्यांचं मत आहे. तौलनिक साहित्याच्या प्राध्यापकांनी यावर विचार करावा.

कॅथरिन मॅन्सफिल्डची 1922 सालची बाहुलीघराची कथा त्यांना ऐंशी टक्के पसंत. सगळी शाळा बाहुलीघर बघते, धोबिणीच्या दोन मुलींना तेवढं बघू देत नाहीत, इथपर्यंत उत्तम. पण शेवटी त्यांना ते चोरून बघायला मिळतं आणि धाकटीला आतला इवलासा दिवा दिसतो. ‘दिवा दिसला तिथे पकड सुटली.’ मुल्कराज आनंदांच्या हरवलेल्या मुलाच्या कथेवर मात्र त्यांचा राग आहे. जत्रेतला मुलगा आधी बर्फी मागतो, हार मागतो, फुगा मागतो, आईबाप काहीच घेत नाहीत. मग आईबापच हरवतात, आणि एक परका माणूस त्याच सगळ्या वस्तू देऊ करतो तेव्हा मुलाला त्यांतली एकही नको असते. ‘ही कल्पना माझ्या डोक्यात होती. यांनी 1934 सालीच छापून टाकली.’ हिरमोडकरांचा जन्म त्यानंतरचा आहे, पण तक्रार मनापासूनची आहे.

सगळ्यांत बिनसलेलं आहे ते प्रेमचंदांशी. ‘ईदगाह’ 1933ची. हमीदच्या खिशात तीन पैसे, मित्रांच्या खिशात त्याच्या चौपट-पाचपट. सगळे खेळणी आणि मिठाई घेतात, आणि हा पोरगा आजीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून लोखंडाचा चिमटा घेऊन येतो. आजवर हे वाचून कोणाचे डोळे कोरडे राहिले नसतील. हिरमोडकरांचे राहतात. ‘तीन पैशांत चिमटा मिळालाच कसा? दुकानदार आधी सहा पैसे म्हणतो. तो सहावर ठाम राहायला हवा होता. पोरगं रिकाम्या हातानं घरी, आजीची बोटं भाजलेली. कुठल्या कुठे गेली असती कथा!’ त्यावर बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘सर, ती जिथे आहे तिथे बरी आहे.’ त्या रविवारी वडा लवकर मागवण्यात आला.

आणि एकदा एका मुलीनं विचारलं, ‘मग लंपनचं काय?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि हिरमोडकर त्याला टरकून असतात. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ 1994 साली पुस्तकरूपानं आला. आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, म्हणजे हिरमोडकरांच्या हिशेबानं केवढं भांडवल! आणि हा लंपन काय करतो, तर हरखतो. खट्टू होतो, पण वाटेत काहीतरी दिसतं आणि पुन्हा हरखतो. शिवाय संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि हिरमोडकरही कराडचेच, त्यामुळे प्रकरण घरगुती झालेलं आहे. ‘माणूस खडकांचा,’ ते म्हणतात, ‘त्यांना ओल सापडायचीच.’ या वाक्यात कौतुक किती आणि जळफळाट किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फक्त चेकॉव्हच्या ‘वांका’बद्दल बोलताना ते विनोद करत नाहीत, नियम सांगत नाहीत, सुधारणाही सुचवत नाहीत. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला. नाताळच्या आदल्या रात्री सगळे चर्चमध्ये गेलेले असताना तो आजोबांना पत्र लिहितो, मला इथून न्या. पाकिटावर पत्ता घालतो तो ‘गावाकडच्या आजोबांना’ एवढाच. जरा विचार करून आजोबांचं नाव घालतो. पत्र पेटीत टाकतो आणि समाधानानं झोपतो. 1886च्या नाताळात ही कथा एका वर्तमानपत्रात छापून आली, चेकॉव्ह तेव्हा सव्वीस वर्षांचा. पत्र पोचणार नाही हे वाचकाला कळतं. पोराला कळत नाही. एवढं सांगून हिरमोडकर पाणी पितात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

पुढची पिढी तयार करायची त्यांची तळमळ कार्यशाळेपुरती नाही. पुण्याहून नातू सुट्टीला आला होता, वय वर्षं नऊ, म्हणजे नियमात बसणारं. हिरमोडकरांनी त्याला रिमोटची मोटार कबूल केली. चार दिवस रोज आठवण करून दिली, रंगही ठरवून घेतला. ठरल्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम उशीर करून रिकाम्या हातानं घरी आले, शबनम खुंटीला लावली, आणि डायरी घेऊन नातवाच्या समोर बसले. ‘अरेच्चा, विसरलोच की रे!’ नातू म्हणाला, ‘ओके आजोबा.’ मग सूनबाईंनी फोनवर दोन बोटं फिरवली आणि पिठलं ताटात पडायच्या आत मोटार दारात आली. डायरीचं पान कोरं राहिलं. ‘या पिढीला कथाच होणार नाही,’ ते मला खिन्नपणे म्हणाले. ‘वाट पाहायलाच जागा ठेवली नाही यांनी.’

हाच नातू दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी उभा राहून लिहिलेलं वाचत होता. सायकलची कथा होती. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘आजोबा, गोष्ट तुमचीच आहे ना? मग देऊन टाका की त्याला सायकल.’

हिरमोडकर म्हणाले, ‘दिली तर छापणार नाहीत.’

हे मात्र खोटं नाही. संपादकांचंही असंच असतं. आनंदी पोराची कथा आली की ती बालविभागाकडे जाते, रडक्या पोराची मोठ्यांच्या अंकात अग्रस्थानी. आपल्याकडे गंभीर वाङ्मयाची ओळख पटण्याची जी थोडी लक्षणं उरली आहेत त्यांत हे एक. पण मुद्रितं तपासता तपासता माझं एक मत झालेलं आहे, ते सांगून टाकतो. कथाकार लहान मुलाच्या तोंडी जो विरस घालतो तो बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा आणि अगदी ताजा असतो. नऊ वर्षांच्या पोरानं ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहिली तर ती कथा होते. पासष्टीच्या गृहस्थानं पाहिली तर घरातले हसतात. म्हणून तो आपलं वय कमी करून घेतो, पायातली चप्पल काढतो आणि कथेत जाऊन बसतो. जॉइसचंच बघा. ‘अ‍ॅरबी’ लिहिली 1905 साली. ती ज्या पुस्तकात आहे ते बाहेर पडलं 1914 साली. मधली नऊ वर्षं प्रकाशक आज घेतो, उद्या घेतो करत होते. 1912 साली तर छापून झालेले फर्मे डब्लिनच्या मुद्रकानं नष्ट करून टाकले. जत्रेतला मुलगा दिवे मालवल्यावर निदान घरी तरी गेला. फर्मे गेलेला लेखक कुठे जातो, यावर कोणी कथा लिहीत नाही. मी प्रेसमधला माणूस, म्हणून मला ते फर्मे जास्त लागतात.

हिरमोडकरांच्या बालपणाबद्दल आमची समजूत त्यांच्या कथांवरून झालेली होती. त्यांचे वडील तापट, गरीब आणि विसराळू असणार, घरात दुपारचं जेवण जेमतेम, आणि सायकल या वस्तूशी काहीतरी जुनं वैर. मग त्यांच्या निवडक कथांच्या संग्रहाचं प्रकाशन झालं आणि कराडहून त्यांची थोरली बहीण आली. अक्का. पंचाहत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत, पुढच्या रांगेत बसून वेफर्स खात होती. एका समीक्षकानं ‘अभावाच्या मातीतून उगवलेली कथा’ वगैरे बोलून झाल्यावर सूत्रसंचालकानं हौसेनं माईक अक्कांकडे दिला.

‘अभाव कसला?’ अक्का म्हणाल्या. ‘दादांचं सायकलचंच दुकान होतं. दोन आणे तास. हा बाळू शाळेला रोज नवी सायकल घेऊन जायचा, आणि पंक्चर झाली की तिथेच टाकून चालत यायचा. सर्कसवाले आमच्याच दुकानातून सायकली भाड्यानं न्यायचे, पास घरी यायचे. हा दोनदा वाघाला बघून रडला म्हणून तिसऱ्यांदा नेला नाही. आणि आजी माझ्या लग्नानंतर गेली, चांगली ब्याण्णव वर्षांची होऊन.’

सभागृह कोसळलं. हिरमोडकरही हसत होते. ‘अक्का, तथ्य वेगळं आणि सत्य वेगळं,’ ते व्यासपीठावरून म्हणाले, आणि समीक्षकानं ते वाक्य लगेच लिहून घेतलं.

पण अक्कांना माईक सापडला होता. ‘एकदाच काय ते झालं होतं बिचाऱ्याचं. चौथीत असेल. सिंहाच्या लग्नाची गोष्ट लिहिली होती यानं, मुलांच्या मासिकाला धाडायला. माझ्याकडे पाकीट दिलं, तिकिटाचे पैसे दिले, म्हणाला पोस्टात टाक. मी त्या पैशांचे पेरू खाल्ले. पाकीट दप्तरात राहिलं, पुढे पावसात भिजून लगदा झालं. आणि हा रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर. दिवाळी येऊन गेली तरी बसायचा. मला सांगायचं धाडस झालं नाही, मग राहूनच गेलं.’

लोक पुन्हा हसले, कारण ‘पेरू’ अक्कांनी अशा ठसक्यात म्हटलं होतं की हसू यावंच. हिरमोडकरांनी विचारलं, ‘सिंहाचं लग्न?’ माईक त्यांच्या हातात नव्हता, पण मी जवळ होतो. अक्का म्हणाल्या, ‘तेच रे. सिंहीण हळद लावून घेत नव्हती ते.’ मग आभारप्रदर्शन झालं. आभार मानणाऱ्यानं चहाची व्यवस्था मागच्या बाजूला असल्याचं सांगितलं.

आम्ही प्रेसमधल्यांनी पैजा लावल्या. येत्या दिवाळीला पाकिटाची कथा येणार. सगळं तयार होतं: वय नियमातलं, वस्तू अशक्य नाही, मोठ्या माणसाऐवजी बारा-तेरा वर्षांची बहीण, तीही दुष्ट नाही, नुसती भुकेली. ओटा आहे, पोस्टमन आहे, पाऊस आहे. कंदील हवा तर तोही ठेवता आला असता. जुलैत कथा आली. मी पाकीट फोडलं. सायकल. या खेपेस तिचा रंग लाल होता, एवढाच बदल.

न राहवून मी त्यांना विचारलं. वाचनालयाच्या जिन्यात बसून ते अंक चाळत होते. ‘सिंहाच्या लग्नाचं का नाही लिहीत?’ ते म्हणाले, ‘त्यात काय आहे लिहिण्यासारखं? अक्का तेव्हा किती एवढीशी होती. भूक लागते पोरांना.’ आणि मग, जरा वेळानं, ‘शिवाय गोष्ट विनोदी होती हो. लग्न लागतं शेवटी.’

हिरमोडकरांना आपण काय लिहावं हे मी सांगणार नाही; माझं काम ‘हिरमुसला’ शुद्ध छापला जातो की नाही एवढं बघण्याचं. पण सध्या त्यांचं जे चाललं आहे ते इथे नोंदवायला हवं. दोन दिवाळ्यांपूर्वी एका अंकात त्यांची कथा आली, पहिल्या क्रमांकावर, चित्रासकट. अंकाचं नाव घेत नाही. मानधन ‘दिवाळीनंतर’ मिळणार होतं. दिवाळीनंतर ‘मार्चअखेर’ मिळणार होतं. मार्चअखेर ऑडिट होतं. मग अकाउंट्सचा मुलगा रजेवर होता. मग फोनवर ‘या आठवड्यात होतंय, सर’ असं एक गोड आवाज सांगू लागला, आणि तो आठवडा अजून चालू आहे. ज्या माणसानं उमेदीची वर्षं ‘वरून मंजुरी आली नाही’ म्हणण्यात घालवली, तो आता दर सोमवारी जवळच्या शाखेत जाऊन पासबुक छापून घेतो. मशीन करकर करतं, पेन्शनची ओळ उमटते. हिरमोडकर पुढचं पान उलटून बघतात आणि पासबुक शबनममध्ये टाकतात. त्यांची हनुवटी मी मुद्दाम पाहिली. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, तिथूनच सुरुवात होते.

रक्कम मोठी नाही. त्यात सायकल येणार नाही. लहान मुलाची तीन चाकी कदाचित येईल. घरचं सगळं व्यवस्थित आहे, पेन्शन आहे, मुलगा चांगल्या नोकरीत आहे, आणि ‘एवढ्याशा पैशासाठी कशाला फोन करता बाबा?’ हे सूनबाईंचं म्हणणं हिशेबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. तरी ते सोमवारी जातात.

तेव्हा त्या अंकाच्या संपादकांना, आणि त्यांच्यासारख्या इतरांनाही, या निमित्तानं विनंती, की मानधन पाठवून द्यावं. मार्चअखेरची वाट पाहू नये. लेखकाचा खातेक्रमांक आणि शाखेचं नाव त्यांनी हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिलेलं आहे. ते पान मी तपासलं आहे, आकडे सगळे बरोबर आहेत.